आठनंतरचा एक

सरकत्या जिन्यापाशी ती आली आणि तिचा पाय उचलेना. पाय दुखत नव्हता, त्याला मुंग्या आल्या नव्हत्या, बुटाची नाडी कशात अडकली नव्हती. समोरच्या फटीतून एकेक पायरी बाहेर येत होती, आधी सपाट, मग कडा वर काढत उंच होत जाणारी, आणि प्रत्येक पायरीवर पाऊल ठेवायला जागाही होती आणि वेळही. रोज सकाळी पावणेनऊला एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन ती याच जिन्याने, न बघता, वर जायची. आज तिने बघितलं, तिथेच चुकलं असावं. बघितल्याबरोबर पायऱ्या मोजल्या गेल्या. पाच, सहा, सात, आठ, आणि पुढची पायरी आली तेव्हा आतून कुणीतरी कडी लावून घेतल्यासारखं झालं. ती पायरी गेली. तिच्या मागची गेली. पाठीमागे माणसं साचली. "अहो ताई, चढा तरी, नाहीतर बाजूला तरी व्हा. मुहूर्त बघताय का?" कुणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले. तीही हसली. पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं करत बाजूला झाली आणि भिंतीकडच्या साध्या जिन्याने वर गेली. चाळीस पायऱ्या, एकदाही न अडखळता. जिना जागेवर असला की काही अडचण नव्हती. जे आपल्याकडे येत राहतं त्यात नेमक्या क्षणी शिरायचं, तेवढंच तिला येईनासं झालं होतं. आणि गेली सतरा वर्षं नोकरीबाहेर, नाचात, ती तेवढंच तर करत आली होती.

नोकरी दातांच्या लॅबमध्ये होती. दातांचे डॉक्टर रोग्यांच्या तोंडांचे ठसे पाठवायचे, गुलाबी किंवा हिरव्या रबराचे, आणि ती त्यांत प्लास्टर ओतायची. कामाच्या टेबलावर एक थरथरणारी लोखंडी पट्टी होती. ठसा त्या पट्टीवर टेकवायचा आणि प्लास्टर एकाच टोकाकडून, थोडं थोडं, आत सोडायचं; म्हणजे ते स्वतःच्या वजनाने दाढेतून दाढेत उतरत जातं आणि पुढची हवा बाहेर ढकलतं. घाई केली की हवा अडकते. वरून काही दिसत नाही, पण ठसा सोलल्यावर नेमक्या सुळ्याच्या टोकाला मोहरीएवढं भोक निघतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. घट्ट होताना प्लास्टर गरम होतं. ही गोष्ट तिने नाचात नेली होती. खांद्यापासून बोटांपर्यंत हात आधी पातळ सोडायचा, मग दाटवत आणायचा, मग कोपराशी अडवायचा, आणि शेवटी बोटांची टोकं अशी थांबवायची की बघणाऱ्याला वाटावं, आता टकटक केली तर वाजतील. ग्रुपमध्ये या हाताला "प्लास्टर" म्हणायचे. नवी पोरं यायची आणि सांगायची, "ताई, ते प्लास्टर दाखवा ना."

ग्रुपचा म्होरक्या आजोबा. वय चव्वेचाळीस, पण बाकीचे बहुतेक विशीच्या आसपासचे, म्हणून आजोबा. बंद पडलेल्या बाजारसंकुलाच्या खालच्या वाहनतळावर ते सगळे जमत, कारण तिथल्या रिकाम्या दुकानांच्या काचा आरशासारख्या होत्या आणि लादी गुळगुळीत. शरीराचा एखादा स्नायू गाण्याच्या ठोक्यावर झटकन आवळायचा आणि लगेच सोडायचा, अंगात वीज चमकून गेल्यासारखा, या नाचाचं मूळ एवढंच. त्याला ते हिट म्हणत. हिट कुणालाही सहा महिन्यांत येतो, आजोबा म्हणायचा. त्यानंतरची वीस वर्षं तो सोडायला शिकण्यात जातात. बरगड्यांवर बोट टेकवून तो सांगायचा, "एवढंच हलव. खांदा हलला. पुन्हा. आता मान हलली. अगं, तुझ्या अंगात एकत्र कुटुंब आहे का? एकाला हाक मारली की सगळे उठतात!" त्या एका बरगडीला घरातून वेगळं काढायला तिला दीड वर्ष लागलं होतं. आणि गाणं लावलं की सांगायचा, "ड्रम बहिऱ्यालाही ऐकू येतो. दोन ठोक्यांच्या मधे काय आहे ते ऐक. तिथे कुणीतरी श्वास घेतोय, कुणाचं तरी बोट तारेवरून घसरतंय. ते नाच." सुरुवात करून देताना मात्र तोही सगळ्या नाचणाऱ्यांसारखा पाचापासून मोजायचा. पाच, सहा, सात, आठ. त्यापुढचा एक कुणी बोलत नाही. "एक तोंडाने म्हणालात तर करणार कधी?" असं त्याचं म्हणणं.

सात आठवड्यांपूर्वी तिचे बाबा गेले. ते कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. ऐंशी थर कापड एकावर एक पसरायचं, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि उभ्या पात्याचं मशीन हाताने त्या रेघेवरून न्यायचं. सुतभर सरकलं की ऐंशी बाह्या वाया. बत्तीस वर्षांत त्यांच्या हातून असं दोनदाच झालं होतं आणि ते दोन्ही दिवस त्यांना तारखेनिशी आठवत. ती अकरावीत असताना आई गेली. त्यानंतर दोघांच्या घरात फार बोलणं नव्हतं, पण जे होतं ते खुसखुशीत होतं. ती पहिल्यांदा स्वयंपाकघरात उभी राहून हिटचा सराव करत होती तेव्हा ते दारात येऊन बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "फ्रिजला अर्थिंग नाही का नीट?" पुढे एकदा एका स्पर्धेला आले, मागे उभे राहिले, आणि घरी आल्यावर पाणी पिताना एवढंच बोलले, "थांबतेस छान. निघतात सगळेच, थांबता येत नाही कुणाला." तिला मिळालेल्या शाबासक्यांमध्ये ही एकच तिला शब्दन् शब्द आठवत होती.

मग निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी त्यांचा उजवा हात हलायला लागला. सुरुवातीला अंगठाच, वर्तमानपत्र वाचताना, मग हात. त्या आजाराला नाव होतं, गोळ्या होत्या, वेळापत्रक होतं. हात हलण्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. "नोकरीत असताना हलला असता तर गोष्ट वेगळी," म्हणाले. पण पाय थांबायला लागले. चालता चालता, विशेषतः दारात, उंबरठ्याशी, ते एकाएकी जागच्या जागी रुतायचे. वरचं अंग पुढे, पाय जमिनीला शिवल्यासारखे. व्यायामाच्या बाईंनी सांगितलं होतं, ताल द्या, मोजा, काहीतरी बाहेरून मिळालं की पाय सुटतात. तिला बाहेरून द्यायला एकच गोष्ट येत होती. ती त्यांच्यासमोर उभी राहिली, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "पाच, सहा, सात, आठ," आणि एकच्या जागी काही न बोलता स्वतः एक पाऊल मागे गेली. बाबांचा पाय सुटला. पुढे आला, सरळ, तिच्या पावलाने रिकामी केलेल्या जागेत. दोघंही चकित झाले. "परत," बाबा म्हणाले.

सव्वादोन वर्षं ते असे चालले. बिछान्यापासून न्हाणीघर, न्हाणीघरापासून खिडकी. ती मागे मागे आणि ते पुढे पुढे. "लोक एकपासून मोजतात," ते म्हणायचे, "माझी लेक पाचापासून. पहिले चार कुणी खाल्ले?" "तुम्हीच. नाश्त्याला." "तरीच जड झालंय." त्यांचा आवाज पुढे पुढे ओठांच्या आतच राहायला लागला, वाक्यं अर्ध्यात विझायची, पण ही चेष्टा शेवटपर्यंत टिकली, नंतर तर ते नुसत्या चार बोटांनी करायचे. आणि तिला, हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, त्या घरातल्या घरात चालण्यात सुख होतं. आठ म्हटल्यानंतर आणि पाऊल पडण्याआधी एक जागा असायची. त्यांचे डोळे तिच्या डोळ्यांत रोखलेले, हात तिच्या हातांत थरथरणारे, दोघंही कसलीतरी वाट बघतायत, आणि मग ते यायचं. वाहनतळावर सतरा वर्षं आजोबा ज्या जागेबद्दल बोलत होता ती हीच, असं तिला वाटायचं. बाबा ती जागा ऐकतात असं तिला वाटायचं. कापडाशी बत्तीस वर्षं घालवलेला माणूस आता, उशिरा, तिच्यामुळे, गाण्यात उतरला होता, अशी काहीतरी कल्पना तिने करून घेतली होती, आणि नाचणाऱ्या माणसाला स्वतःच्या कल्पना लवकर खऱ्या वाटतात.

ती कामावर असताना दिवसभर मावशी असायच्या. मावशी म्हणजे घरी येऊन रोग्यांची काळजी घेणाऱ्या बाई. दणकट, बोलक्या, बाबांना "मास्तर" म्हणणाऱ्या. मावशींबरोबर बाबा फारसे चालत नसत, चाकांच्या खुर्चीतून फिरत. ते दोघांचं आपापसात ठरलं होतं. त्या शनिवारी ती दुसऱ्या गावी शिकवायला जाणार होती, साठ मुलं, विषय शरीराचा पोत, म्हणजे ते प्लास्टर आणि तसलंच. निघताना बाबा म्हणाले की आज खिडकीपर्यंत चालायचंय. ती चपला घालता घालता मावशींना म्हणाली, "थांबले तर आठपर्यंत मोजा. चालतात ते." एवढंच म्हणाली. कुठून मोजायचं ते सांगावं असं तिच्या डोक्यातही आलं नाही. माशाला कुणी विचारलं तर तो सांगेल का की आधी पाण्यात उतरा?

दवाखान्याच्या लांब बाकावर बसून मावशींनी तिला सांगितलं. त्या रडत होत्या आणि सांगताना त्यांना थोडं नवलही वाटत होतं. "तुम्ही म्हणालात ना ताई, मोजा म्हणून? मी मोजलं हो. चांगलं खणखणीत, एक, दोन, तीन असं. एकला ओढलं, दोनला ओढलं, म्हटलं, चला मास्तर, चला. हलतील तर शपथ! नुसते माझ्या तोंडाकडे बघतायत. आठपर्यंत आले. म्हटलं, हे काही खरं नाही, आपली खुर्चीच बरी. हात सोडला, दाराला टेकवून उभं केलं आणि वळले. आणि चालले की हो! इतका वेळ नाही आणि मी वळले तसे चालले. लहान मूल कसं, आपण बघत नसलो की पाऊल टाकतं, तसं."

ती म्हणाली, "तुमची काही चूक नाही, मावशी." मावशींची खरोखरच काही चूक नव्हती. त्यांच्या एकला, दोनला, तीनला, चारला बाबा हलले नाहीत, कारण ते आकडे त्यांचे नव्हतेच. ते कुणीतरी खाल्लेले. मग पाच आला. त्यांनी ओळखला असेल. सहा, सात. आठ. आणि त्यानंतर, न बोललेल्या एकवर, नेमकं, सुतभरही मागेपुढे न होता, त्यांनी पाऊल टाकलं. समोर मागे जाणारं कुणी नव्हतं. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, छातीत कफ साठला, तेविसाव्या दिवशी ते गेले. बाबा तालात पडले, ही गोष्ट जगात फक्त तिला कळली होती आणि ती सांगण्यासारखी नव्हती. नातेवाईक म्हणत होते की सुटले बिचारे. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, असं होतंच हो शेवटी, तुम्ही तर किती केलंत. किती केलंत! तिला वाटलं, मी काहीच केलं नसतं तर ते दारातच उभे राहिले असते. खुर्ची आली असती.

महिन्याने ती वाहनतळावर गेली तेव्हा सगळ्यांनी तिला जागा करून दिली, पिनाने (ही अठरा वर्षांची, केसांत नेहमी सोळा पिना) तिची पाण्याची बाटली भरून आणली. गाणं लागलं. तिला सगळं ऐकू येत होतं, पूर्वीपेक्षा स्वच्छ. ड्रम, मधला श्वास, तारेवरून घसरणारं बोट. हात चालत होते, बरगडी सांगितल्याबरोबर घरातून एकटी बाहेर येत होती. पण आठ संपले की एकवर पाय पडेना. एकदा वाटलं दमणूक. मग गाणं बदलून बघितलं. मग न मोजता. पण न मोजणं तिच्या हातात राहिलं नव्हतं, सतरा वर्षांनी मोजणी रक्तात उतरते, नाडीसारखी. मग दोनवर सुरुवात करून बघितली, तर ती उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखी दिसली. काचेत तिला स्वतःचं रूप दिसायचं, वरचं अंग पुढे आणि पाय जमिनीला शिवलेले. आजोबाने दोन आठवडे बघितलं. तिसऱ्या आठवड्यात त्याने तिला न विचारता रविवारच्या स्पर्धेत तिचं नाव घातलं.

"मी नाही उतरणार."

"उतरशील. सराव म्हणजे घर आहे, घरात माणूस लाड करून घेतो. गोलात उभं राहिलं की शरीराला लाज वाटते. लाजेनेच निघतं ते."

"नाही निघालं तर?"

आजोबा म्हणाला, "तर मग तू मला सांग, मी तुझ्याकडून मुलं शिकवून घेईन आणि तू नाचू नकोस. मी खोटं बोलणार नाही तुला. आठातला एक जाणार असेल तर बाकीच्या सातांचं काय लोणचं घालायचं?"

म्हणून सोमवारी सरकत्या जिन्यापाशी पाय थांबला तेव्हा ती घाबरली. आतापर्यंत ते गाण्यापुरतं होतं. त्या आठवड्यात तिने लॅबमध्ये तीन ठसे वाया घालवले. तिन्हींत हवा अडकली. मालकीणबाई म्हणाल्या, "अगं, कुठे लक्ष आहे? या म्हातारबुवांना दोन वेळा ठशाला बोलवायचं का आता?" थरथरणाऱ्या पट्टीवर हात टेकवून ती उभी होती आणि थरथर कोपरापर्यंत येत होती. रविवारी गोलात एकवर पाऊल पडलं तर नाच राहील. नाही तर सतरा वर्षं संपतील आणि ती बाबांच्या बाबतीत जे करून बसली तेवढंच त्या सतरा वर्षांमधून शिल्लक राहील. इतकं सरळ होतं ते.

रविवारी दुपारी एका शाळेच्या मोठ्या बंदिस्त मैदानात तीनेकशे माणसं गोल करून बसली होती. बास्केटबॉलच्या आखणीवर चिकटपट्टीने एक वर्तुळ काढलं होतं. तिघं परीक्षक खुर्च्यांवर. एकाने एक मिनिट नाचायचं, दुसऱ्याने एक मिनिट, मग तिघंही ज्याच्याकडे बोट दाखवतील तो पुढे. तिच्यासमोर पिवळ्या टोपीचा एकजण होता. तो आधी उतरला आणि गाण्यातला प्रत्येक आवाज त्याने मारला, एकही सोडला नाही. हावरटासारखं, पण फार स्वच्छ. लोक ओरडले. त्याने टोपी काढून तिच्यापुढे झुकवली आणि बाहेर गेला. ती चालत आत गेली. चालणं जमलं, कारण अजून तिचं गाणं लागलं नव्हतं. मग लागलं. संथ होतं, बासचा आवाज किंचित मागे रेलणारा, वर झांजेची बारीक किणकिण. पाच, सहा, सात, आठ.

पाय उचलला नाही.

ठीक आहे, तिने स्वतःला सांगितलं, पुढचा. पुन्हा आठ आले आणि संपले. पुढचा. तीनशे माणसांची नजर तिच्या पायांवर होती आणि लाज आली, आजोबा म्हणाला होता तशीच, गळ्यापर्यंत गरम, पण लाजेने काही सुटलं नाही. वरचं अंग पुढे गेलेलं होतं. आता पडेन, असं तिला एकदा वाटलं. मग ती मोजायची थांबली, म्हणजे मोजणी चालूच राहिली पण तिने तिच्याकडे आशेने बघणं सोडलं, आणि त्या वेळी तिला कळलं की आपण अखेर त्या जागेत उभे आहोत, आठनंतरच्या. बाबा जिथे सव्वादोन वर्षं, दिवसातून दहा वेळा, उभे होते तिथे. ती कान लावून ऐकू लागली. जे तिने त्यांच्या डोळ्यांत वाचलं होतं ते इथे कुठेतरी असणार होतं. तिने फार लक्षपूर्वक ऐकलं. ऐकायला ती शिकलेली होती. तिथे गाणं नव्हतं. श्वास नव्हता, तारेवरून घसरणारं बोट नव्हतं. बाहेरून कुणीतरी आपल्याला सोडवेल याची वाट होती, नुसती, कोरडी, ओळीत उभ्या असलेल्या माणसाला असते तशी. बाबा काही ऐकत नव्हते. ते अडकलेले होते आणि समोर लेक होती आणि तिला आनंद होतोय हे त्यांना दिसत होतं.

तेव्हा तिचा उजवा हात हलायला लागला. तो ती हलवत नव्हती. मांडीशेजारी सैल लोंबलेल्या हाताचा अंगठा बोटावरून पुढे-मागे घासू लागला, चिमटीतली कणी चोळून टाकावी तसा, आणि ते वरच्या झांजेच्या किणकिणीशी नेमकं जुळत होतं, जुळवल्याशिवाय. बाकीचं शरीर दगड. आधी कुणीतरी पहिल्या रांगेतून लांब श्वास सोडला, मग दुसऱ्या कुणीतरी "अरे, हात बघ, हात," म्हटलं, आणि मग ते एकदम उठलं, तीनशे माणसांचा आवाज, लादीवर तळवे आपटणं, शिट्ट्या. संबंध मिनिट ती हलली नाही. गाणं कापलं गेलं. तिघांचीही बोटं तिच्याकडे वळली. पिवळ्या टोपीचा स्वतः टाळ्या वाजवत होता, भारावलेला, आणि ती तिथेच उभी होती, आता कुणीतरी येऊन हात धरून बाहेर नेलं पाहिजे अशी, आणि तेही लोकांना नाचाचाच भाग वाटत होतं.

आजोबाने खांद्याला धरून वळवलं तेव्हा ती चालली. त्याचे डोळे भरले होते. "पोत, ताबा, कान," तो म्हणाला. "तिन्ही. एका मिनिटात, जागचं न हलता. वीस वर्षं मी हेच ओरडतोय की सगळे ठोके मारायचे नसतात. अगं, तू तर एकही नाही मारलास!"

"मला येत नव्हतं," ती म्हणाली. "मी अडकले होते."

"असंच वाटलं पाहिजे," तो म्हणाला. "असंच वाटलं पाहिजे बघणाऱ्याला."

तिने पायाचं निमित्त सांगून पुढच्या फेरीतून नाव काढून घेतलं. त्यावर तो चिडला, मग म्हणाला की बरोबर आहे, असली गोष्ट एकाच दिवसात दोनदा करायची नसते. त्या मिनिटाचं चित्रीकरण फिरत राहिलं. अनोळखी माणसं खाली लिहीत होती की अंगावर काटा आला, की हे शांत आहे, की यात किती आशा आहे. ती नंतर नाचली नाही. तसं ठरवावं लागलं नाही. एकवर पाय पडतच नव्हता आणि एकदा तिथलं सगळं ऐकून झाल्यावर तो पडावा असं तिला फारसं वाटतही नव्हतं. आजोबाने शब्द पाळला. पुढच्या महिन्यापासून मुलांना शिकवायला तिला उभं केलं, आणि पहिल्याच दिवशी, ती काय घ्यायचं याचा विचार करत असताना, बाराही जणांनी सांगितलं की त्यांना तो हात शिकायचाय.

तिने आजोबाकडे बघितलं. तो म्हणाला, "शिकव की. ज्याला जे येतं त्याने ते शिकवावं."

ते रिकाम्या दुकानाच्या काचेसमोर ओळीने उभे राहिले, उजवा हात मांडीशेजारी सोडून. पिना म्हणाली, "ताई, अंगठा आधी की बोट?"

याचं उत्तर तिला पाठ होतं. चार वर्षं तिने बाबांच्या त्या हाताची नखं कापली होती, त्यात चमचा बसवला होता, गुंडी लावताना तो बाजूला धरला होता. "अंगठा," ती म्हणाली. "बोट नुसतं तिथे असतं. मनगट घट्ट करू नका. एवढं एकसारखंही नको, मधे एखादा चुकू दे." ती ओळीतून फिरली, एकेकाचा हात हातात घेऊन दाखवत गेली. हात तरुण होते, गरम, आणि पटकन शिकत होते. तिसऱ्या प्रयत्नात बाराही जणांना जमलं, काचेतले धरून चोवीस हात दिसायला लागले. मग आजोबाने टाळी वाजवली आणि ते सगळे हात एकदम थांबले. एकदम, स्वच्छ, एकही अंगठा मागे न राहता.